उतारावर पहिला गिअर

गाडी निघाली तेव्हा तिच्यात गाद्या दोन, उशा चार, गॅसची शेगडी एक, गॅसवर आणि अडीअडचणीला बॅटरीवर चालणारा छोटा फ्रीज एक, भांडी घासायचं बेसिन एक, पाण्याचे कॅन तीन, घडीच्या खुर्च्या तीन (पैकी उघडणारी एक), चाकांखाली घालायच्या लाकडी फळ्या सहा, गवंडी वापरतात तसली बुडबुड्याची पाणसळ एक आणि टॉर्च सात एवढं सामान होतं. माणसं तीन होती. मतं किती होती ते कोणी मोजलं नाही, पण कोपऱ्यावरचा पेट्रोलपंप येईपर्यंत त्यातली चार बाहेर पडली होती.

सात टॉर्च शेजाऱ्यांचे. चष्मेवाले कुठे निघालेत हे इमारतीत कळलं तेव्हा प्रत्येक बिऱ्हाडाचा चेहरा ऑपरेशनला निघालेल्या माणसाकडे बघताना होतो तसा झाला, आणि प्रत्येक बिऱ्हाडाने एकेक टॉर्च आणून दिला.

"पण तिकडे आहे काय?" तळमजल्यावरच्या निवृत्त हेडक्लार्कांनी विचारलं होतं.

"काही नाही," चष्मेवाले अभिमानाने म्हणाले.

"मग जाताय कशाला?"

"तिकडे कोणी जात नाही म्हणून."

"कोणी जात नाही त्याअर्थी काहीतरी कारण असणार," असं म्हणून हेडक्लार्क आत गेले आणि टॉर्च घेऊन आले.

कारण चष्मेवाल्यांना ठाऊक नव्हतं. एका मासिकात, ते निघाले होते त्या पठाराबद्दल अर्ध्या पानाचा मजकूर आला होता आणि त्यात 'दुर्लक्षित' हा शब्द तीनदा होता. दुर्लक्षित गोष्टींबद्दल त्यांना जिव्हाळा होता, कारण ते स्वतःला त्यांच्यातच धरत. त्यांचं चष्म्याचं दुकान तीन मीटर लांब. नजर तपासायला अक्षरांचा तक्ता सहा मीटरवर लागतो, म्हणून त्यांनी तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टांगला होता आणि समोर आरसा लावला होता. तीन मीटर जायचे, तीन यायचे. दुकान उघडल्यापासून त्यांनी पाहिलेली सगळ्यात लांबची वस्तू म्हणजे हा आरशातला तक्ता. डोळ्यांचा धंदा करणाऱ्या माणसाने एकदा तरी खरोखरचं लांबचं काही बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. तेवढ्यासाठी त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि तिच्यात घर बसवलं.

बायकोला हे विचारून केलेलं नव्हतं. ती शिवणाचे वर्ग घेते. कापड कापायच्या आधी दोनदा मोजावं, हा तिचा पहिला धडा. "तुम्ही आधी कापलंत," ती म्हणाली, "आणि आता मोजायला मला बोलावताय." त्यानंतर तिने अटी सांगितल्या. एक फेरी. फेरीत काय होईल ते ती बघणार. परत आल्यावर, किंवा त्याआधी केव्हाही, ती 'ठेवा' म्हणाली तर गाडी ठेवायची. 'विका' म्हणाली तर सोमवारी सकाळी किल्ली पलीकडच्या गल्लीतल्या केटररच्या हातात. केटररची तयारी होतीच. त्याने गाडीत शिरून मोठी पातेली कुठे राहतील ते वीत लावून बघूनसुद्धा ठेवलं होतं, आणि चष्मेवाल्यांनी हौसेने बसवलेल्या पलंगावर थाप मारून "हे काढून टाकू" असं त्यांच्याच तोंडावर सांगितलं होतं.

मेहुणा आला तो 'अनुभव' म्हणून. तो लिफ्ट दुरुस्त करतो. "भावोजी, वीस वर्षं वर-खाली हाच माझा धंदा," तो म्हणाला. "घाटरस्ता म्हणजे काय, तिरकी लिफ्ट." चष्मेवाल्यांना ही उपमा पटली नाही, पण गाडी ढकलायला एक माणूस लागेल असं बायकोचं मत पडलं. ते दूरदृष्टीचं होतं, हे पुढे दिसलंच.

खरं तर गाडी निघण्याआधीच थांबणार होती. परिवहन कार्यालयातल्या कारकुनाने गाडीत डोकं घातलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

"गाडी."

"आत पलंग आहे."

"हो, झोपायला."

"म्हणजे घर."

"पण चाकं आहेत ना."

"चाकं हातगाडीलाही असतात," कारकून म्हणाला आणि त्याने त्यांना घरांच्या खात्यात पाठवलं. घरांच्या खात्याने मजला कितवा ते विचारलं. चष्मेवाल्यांनी प्रामाणिकपणे 'तळमजला, फिरता' असं लिहून दिलं. त्या खात्याने हसून त्यांना स्वयंपाकघर असल्यामुळे अन्नाच्या खात्यात पाठवलं, अन्नवाल्यांनी बेसिन असल्यामुळे पाण्याच्या, आणि पाण्यावाल्यांनी चाकं असल्यामुळे पुन्हा परिवहनात. तिथे त्याच कारकुनाने "काय, झालं का काम?" असं आपुलकीने विचारत शिक्का मारला. शिक्का कशाचा होता ते अजून कोणाला वाचता आलेलं नाही. चष्मेवाल्यांनी भिंग लावूनही पाहिलं.

पठाराच्या पायथ्याशी एक किराणा दुकान होतं. दुकानदारीण बाईंनी दूध, पाव, अंडी बांधली आणि विचारलं, "कोणाकडे आलात?"

"कोणाकडे नाही. बघायला आलोय."

"कोणाला?"

"हा भाग. तुमचं पठार."

बाईंनी पठाराकडे मान वळवून पाहिलं. आपल्या नजरेतून काही निसटलंय का, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर आली. मग त्यांनी आत हाक मारली, "अगं ए, बाहेर ये, बघायला लोक आलेत!" आतून एक सून, दोन मुली आणि एक म्हातारे गृहस्थ आले आणि रांगेत उभे राहून व्हॅनकडे बघू लागले. दोन्ही बाजूंनी बराच वेळ बघणं झालं. शेवटी म्हाताऱ्यांनी सगळ्यांच्या वतीने निकाल दिला : "पडदे छान आहेत." पडदे बायकोने शिवले होते. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली, आणि चष्मेवाल्यांनी मनातल्या मनात 'ठेवा'च्या बाजूला एक गुण मांडला. तो एकुलता एक राहील याची त्यांना कल्पना नव्हती.

वर जाणारा रस्ता दोन तिरक्या डोंगरकड्यांच्या मधून जातो. एका वळणावर रस्ता खाली उतरायला लागला, आणि तिथे एका खांबावर दोन फलक दिसले. वरच्यावर लिहिलं होतं, 'पुढे तीव्र चढ'. खालच्यावर, 'पुढे तीव्र उतार'.

"एक काहीतरी ठरवा ना," मेहुणा म्हणाला.

समोर तर सरळ सरळ उतार होता. चष्मेवाल्यांनी गिअर वर टाकला आणि पाय मोकळा सोडला. गाडी घुर्रर्र करून थांबायला आली. त्यांनी तिसरा टाकला. गाडी हुंदके द्यायला लागली. दुसरा. शेवटी पहिल्यावर, सगळा जोर लावून, ती उतार उतरू लागली, म्हातारा माणूस जिना चढतो तशी.

"क्लच गेला," मेहुणा म्हणाला.

"सकाळपर्यंत होता."

"जातो तेव्हा सांगून जात नाही, भावोजी. लिफ्टचंही असंच. वर जायला तक्रार नाही, खाली यायला कां-कूं. तीच केस."

"तुझ्या लिफ्टा उतरताना कां-कूं करतात?" बायकोने मागून विचारलं. "मग लोक जिन्याने उतरतात ते बरं करतात."

रस्त्याच्या कडेला रुंद मोकळी जागा होती. गाडी तिथे घेतली, उताराकडे तोंड करून. समोर, उताराच्या टोकाला, दोन कड्यांच्या फटीतून थोडं आकाश दिसत होतं. चष्मेवाले उतरले आणि त्या फटीकडे बघत राहिले. आरशातून परत न येणारं असं काहीतरी ते पहिल्यांदाच बघत होते. तेवढ्यात मोटारसायकलवरून रस्ता खात्याचे मुकादम आले.

"इथे थांबायला परवानगी लागते," मुकादम म्हणाले.

"कोण देतं?"

"मी."

"मग द्या ना."

"कार्यालयात यावं लागेल. कार्यालय सध्या बंद आहे."

"का?"

"मी इथे आहे ना," मुकादम म्हणाले. पण माणूस भला होता. त्याने तोडगा काढला : धडधाकट गाडीला इथे मुक्कामाची मुभा नाही, बंद पडलेल्या गाडीला आहे. तेव्हा 'वाहन नादुरुस्त' असं सांगायचं आणि मागे एक लाल फडकं लावायचं. तीन महिने स्वतः खपून बांधलेल्या गाडीला स्वतःच्या तोंडाने नादुरुस्त म्हणणं चष्मेवाल्यांच्या जिवावर आलं. पण क्लचची शंका होतीच. त्यांनी घसा साफ करून "नादुरुस्त" असं जमिनीकडे बघून म्हटलं. लाल फडकं नव्हतं. बायकोचं लाल ब्लाऊजपीस लागलं, आणि तिने ते ज्या तऱ्हेने दिलं त्यावरून चष्मेवाल्यांनी आपला एकुलता एक गुण पुसला.

"आणि ते दोन फलक?" त्यांनी विचारलं.

"ते होय," मुकादम म्हणाले. "आधी फक्त 'चढ' होता. लोक तक्रार करायचे, इथे तर उतार आहे. मग खात्याने 'उतार' लावला. तर ट्रकवाले तक्रार करायला लागले, इथे चढ आहे म्हणून. चारदा बदलला. शेवटी वरून हुकूम आला, दोन्ही लावा, तक्रारी मिटवा."

"वरून म्हणजे?"

"खालून. कार्यालय पायथ्याला आहे." आणि ते गेले.

आता गाडी सपाट करायची होती. ही बाब फिरत्या घरात फार महत्त्वाची. गाडी कललेली असली की गॅसचा फ्रीज रुसतो, बेसिनचं पाणी भलतीकडे जातं आणि झोपणाऱ्याचे पाय डोक्यापेक्षा वर जातात. म्हणूनच त्या सहा फळ्या आणि पाणसळ. चष्मेवाल्यांनी पाणसळ जमिनीवर ठेवली. बुडबुडा पुढच्या बाजूला पळाला.

"बुडबुडा उंच बाजूला जातो ना?" बायकोने विचारलं.

"हो."

"म्हणजे पुढची बाजू उंच आहे."

चष्मेवाल्यांनी समोर पाहिलं. रस्ता पुढे धडधडीत खाली जात होता. त्यांनी बुडबुड्याकडे पाहिलं. मग बायकोकडे. "पुढे उतार आहे. तुला दिसतोय?"

"दिसतोय."

"तुला?"

"दिसतोय, भावोजी. लहान मूल सांगेल."

"तीन माणसांचे सहा डोळे एक सांगतात, त्यातले दोन डोळे या धंद्यातले," चष्मेवाले म्हणाले, "आणि एक बुडबुडा दुसरं सांगतो. पाणसळ खराब आहे." आणि त्यांनी पुढच्या चाकांखाली दोन फळ्या घातल्या.

गाडीत शिरताच तिघेही मागच्या दाराकडे चालू लागले. जायचं कोणाच्याच मनात नव्हतं. भांड्यांचं कपाट आपोआप उघडलं आणि त्यातून एक झाकण घरंगळत मागच्या दारावर जाऊन आदळलं.

"जास्तच कललंय," बायको म्हणाली.

"अजून पुरेसं उचललेलं नाही," चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी पुढे आणखी दोन फळ्या घातल्या.

शेगडीवर दूध ठेवलं होतं. ते पातेल्याच्या एका बाजूने उतू जात होतं आणि दुसऱ्या बाजूला अजून तळ दिसत होता. हे दृश्य चष्मेवाल्यांनी वैज्ञानिक कुतूहलाने पाहिलं. बायकोने ते तसं पाहिलं नाही. "पाणसळ खोटं बोलत असेल," ती ओट्यावरचं पुसत म्हणाली, "दूधही खोटं बोलतंय का?"

"दुधाला काय कळतं!"

"दुधाला नसेल कळत. मला पुसावं लागतं, तेवढं मला कळतं."

फ्रीज गॅसवर चालेना. त्याने दोनदा टक् टक् केलं आणि शहाण्या माणसासारखा गुपचूप बॅटरीवर गेला. ही गोष्ट तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही, कारण मेहुणा पाचव्या-सहाव्या फळीचा आग्रह धरून बसला होता. त्याचं म्हणणं, लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली की तिला आधी थोडी वर घ्यावी लागते. हे म्हणणं या प्रसंगाला कसं लागू होतं ते कोणी विचारलं नाही. फळ्या घातल्या गेल्या.

सकाळी जाग आली तेव्हा तिघेही, दोन गाद्या, चार उशा आणि सहा टॉर्च मागच्या दाराशी एकाच गठ्ठ्यात होते. सातवा टॉर्च मेहुण्याच्या पाठीखाली होता. बायकोची मान आखडली होती आणि ती फक्त उजवीकडे बघू शकत होती. दुर्दैवाने उजवीकडे चष्मेवाले होते.

"काही बोलू नका," ती म्हणाली.

बाहेर जाऊन ते समोरचा रस्ता बघत बसले. तो कालच्याइतकाच ठामपणे खाली जात होता. आता त्यांच्या मनात एक भयंकर विचार आला. दुसऱ्यांच्या डोळ्यांत दोष शोधून आयुष्य काढलेल्या माणसाच्या स्वतःच्या डोळ्यांत दोष निघाला तर? त्यांनी पेटीतून खिशात मावणारा अक्षरांचा तक्ता काढला, गाडीच्या दारावर चिकटवला आणि आधी स्वतःची, मग मेहुण्याची नजर तपासली. दोन्ही ठणठणीत निघाल्या. इतक्यात मुकादम फेरीवर आले, तेव्हा त्यांनाही उभं केलं. त्यांना शेवटच्या चार ओळी वाचता आल्या नाहीत.

"बघा!" चष्मेवाले उसळून म्हणाले. "दोन फलकांचं मूळ सापडलं! तुम्हाला चष्मा लागलाय!"

"फलक मी ठरवत नाही साहेब," मुकादम म्हणाले. "मी खड्डा खणतो फक्त. आणि खड्ड्याला चष्मा लागत नाही." जाता जाता त्यांनी लाल ब्लाऊजपीस बारकाईने बघून "नीट दिसतं हो लांबून" असं प्रशस्तिपत्र दिलं.

बायको आतून हे ऐकत होती. मान उजवीकडे धरूनच ती दारात आली. हातात दुधाने भिजलेलं फडकं होतं. ती चिडलेली नव्हती, हे चष्मेवाल्यांना आधी जाणवलं. चिडलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

"अहो," ती म्हणाली, "मी खूप प्रयत्न केला आवडून घ्यायचा. पडदे लावले, गाद्यांना खोळी शिवल्या. पण मला इथे उभंच राहता येत नाही. विका."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "बरं," ते म्हणाले. दोन कड्यांच्या मधल्या फटीकडे त्यांनी एकदा बघून घेतलं. मग ते फळ्या काढायला वाकले.

मेहुण्याने न उघडणाऱ्या दोन खुर्च्या न सांगता आत ठेवल्या आणि उघडणारी तिसरी बंद होईना म्हणून तशीच उचलून नेली.

किल्ली फिरवली. गाडी 'टक्' म्हणाली आणि गप्प बसली. फ्रीजने रात्रभरात बॅटरी रिकामी केली होती. काल कागदोपत्री नादुरुस्त असलेली गाडी आता मनापासून नादुरुस्त झाली.

"काही काळजी नको," मेहुण्यात जीव आला. "समोर उतार आहे. ताई, तू स्टिअरिंगवर बस. आम्ही मागून ढकलतो, उतारावर वेग धरला की गिअर टाकून क्लच सोड. धक्क्यावर चालू होईल."

बायको मान वाकडी ठेवून स्टिअरिंगवर बसली. तशी ती गाडी चालवण्यात दोघांपेक्षा बरी होती, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही कधी बोलून दाखवलं नव्हतं. चष्मेवाले आणि मेहुणा मागे गेले, ब्लाऊजपिसाच्या दोन बाजूंना खांदे लावले आणि ढकलू लागले.

गाडी हलेना.

"हँडब्रेक सोडलास का?" चष्मेवाल्यांनी ओरडून विचारलं.

"सोडलाय!"

"गिअर?"

"न्यूट्रल! तुम्ही ढकलताय का नुसते टेकलाय?"

दोघांनी दात-ओठ खाऊन जोर लावला. गाडी उताराकडे हातभर सरकली आणि उताराला घाबरल्यासारखी थांबली. मेहुण्याच्या कपाळावरची शीर उभी राहिली. "भावोजी," तो धापा टाकत म्हणाला, "मी चौदा माणसांची लिफ्ट हाताने ओढलीय. ही काय भानगड आहे?"

"जरा दम घेऊ," चष्मेवाले म्हणाले, आणि दोघांनी खांदे काढून घेतले.

तेव्हा गाडी निघाली. पण उताराकडे नव्हे. मागे, चढावर, त्यांच्या अंगावर.

आधी हळू, मग घाई असल्यासारखी. इंजिन बंद, आवाज नाही, फक्त टायरखालची खडी कुरकुरत होती. मेहुणा "अगं ताई!" करत एका बाजूला उडाला. चष्मेवाले रस्त्याच्या मधोमध पाठमोरे धावत सुटले, चढावर, आणि त्यांची स्वतःची गाडी लाल ब्लाऊजपीस फडकवत त्यांच्या मागे चढ चढत येत होती. आपण चढावर पळतोय आणि तरी धाप लागत नाही, ही गोष्ट त्या गडबडीतही त्यांच्या मनाने टिपून ठेवली. मग त्यांनी कडेच्या गवतात उडी मारली.

गाडी त्यांच्या शेजारून गेली. खिडकीत बायको होती. तिची मान डावीकडे वळली होती आणि ती ब्रेक आहे हे विसरून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पलीकडच्या खिडकीतून मागच्या रस्त्याकडे बघत होती. वर गेल्यावर, म्हणजे जिकडे वर दिसत होतं तिकडे, रस्ता सपाट झाला. तिथे गाडी हळू होत होत आपली आपण थांबली.

मग बायको उतरली. तिने रस्त्याकडे पाहिलं, मग चाकांकडे, मग पुन्हा रस्त्याकडे.

"चढली," ती म्हणाली.

"चढली," चष्मेवाले गवतातून उठत म्हणाले.

"इंजिन बंद होतं."

"बंद होतं."

"तर काय!" मेहुणा लांबून ओरडला. "क्लच ठीक आहे म्हणजे!"

चष्मेवाले रस्त्याच्या मधे आले. त्यांनी दोन्ही तळहात चेहऱ्याच्या दोन बाजूंना धरले, घोड्याला झापडं लावतात तसे, आणि दोन्ही बाजूंचे तिरके कडे झाकून फक्त रस्ता पाहिला. मग हात काढले. मग पुन्हा धरले. असं बऱ्याचदा केलं.

"कडे तिरके आहेत," ते हळूच म्हणाले. "दोन्ही एकाच बाजूला झुकलेले. क्षितिज कुठेच दिसत नाही. डोळा कड्यांना सरळ धरतो, म्हणून रस्ता उलटा दिसतो. हा चढ उतार आहे. तो उतार चढ आहे." आणि मग, जरा खट्टू होऊन, "बुडबुडा बरोबर होता."

"आणि दूध," बायको म्हणाली.

"आणि दूध."

तिने त्यांच्यासारखे हात चेहऱ्याला लावून पाहिलं. काढले, लावले. मान सुटल्याचं तिच्या तेव्हा लक्षात आलं. मग ती जे हसायला लागली ती रस्त्याच्या कडेला बसूनच हसली. "तुम्ही दोघं," तिला धड बोलता येईना, "सगळी ताकद लावून... डोंगरावर... गाडी चढवत होता! आणि म्हणे ढकला उतारावर!" मेहुणा तोवर पोचला होता. आपल्यावर हसताहेत एवढं त्याला कळलं, बाकीचं समजवायला बराच वेळ लागला, आणि समजल्यावरही "पण वर म्हणजे कुठे?" हा त्याचा प्रश्न शिल्लक राहिलाच.

गाडी थांबली तिथे फोनला रेंज होती, कारण बायकोचा फोन वाजला. केटरर होता. सोमवारी किती वाजता येऊ, आणि पलंग आधीच काढून ठेवाल का, असं विचारत होता.

चष्मेवाले गवताच्या काड्या झटकायचे थांबले.

"नाही, सोमवारी येऊ नका," बायको म्हणाली. "नाही, नंतरही नको. नाही हो, पैशांचा प्रश्न नाही, आम्हाला ती लागणार आहे. काय? कशाला म्हणजे? अहो, ती चढावर आपली आपण जाते. हॅलो? हॅलो?" तिने फोन पिशवीत टाकला. "ठेवला त्याने."

मग ती नवऱ्याकडे वळली. "अशाच जागा आणखी असतील ना कुठे?"

"असतीलच," चष्मेवाले म्हणाले. "कोणी जात नाही तिकडे."

"मग आधी हीच नीट मोजू. तुम्ही दोघं गाडी पहिल्या जागी न्या. आता ढकला बघू खरोखरचा चढ."

ती पुन्हा स्टिअरिंगवर बसली आणि दोघं मागून ढकलू लागले. दोन पावलांत थांबावं लागे, तेव्हा ती ब्रेक दाबून धरी आणि खिडकीतून "लिफ्ट अडकली का रे?" असं विचारी. पहिल्या जागी पोचल्यावर तिने मागच्या चाकाजवळ रस्त्यावर खडूने रेघ ओढली. शिवणाचा खडू तिच्या पर्समध्ये कायम असतो. पलीकडून कोणतं वाहन येत नाही ना ते मुकादमांनी बघितलं. ते फेरीवरून परतताना थांबले होते आणि लांबचं तेवढं मला दिसतं, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. बायकोने न्यूट्रल टाकला, हँडब्रेक सोडला आणि कोणालाही हात लावू दिला नाही.

गाडी चढली. थांबली तिथे मागच्या चाकाजवळ तिने दुसरी रेघ ओढली. मग पर्समधून शिवणाची फीत काढली, दीड मीटरची. एक टोक चष्मेवाल्यांनी धरलं, एक तिने, आणि दोघं रेघेपासून रेघेपर्यंत वाकून मोजत गेले. मेहुणा मोठ्याने आकडे म्हणत होता. मधे एकदा वाद झाला म्हणून पहिल्यापासून पुन्हा मोजलं.

अठ्ठावन्न फिती आणि वर एकशे चाळीस सेंटिमीटर. अठ्ठ्याऐंशी मीटर चाळीस सेंटिमीटर.